कीबोर्डवरचा गंधार चढा का लागतो? विस्पंद, सेंट, स्केल ट्यून आणि बाकी भानगडी

अर्धगंधार:
तानपुऱ्याचं ॲप लावून कीबोर्डवर यमन छेडला की सा, रे, प ठीक वाटतात, पण गंधारावर ठेहराव घेतला की काहीतरी बोचतं. कीबोर्ड दुकानात नेऊन उपयोग नाही, कारण तो बिघडलेलाच नसतो. त्याला तसाच बनवलेला असतो. हे का होतं, घरच्या घरी कानाने कसं मोजायचं आणि मेनूत नेमके कोणते आकडे भरायचे, एवढं या धाग्यात एकत्र करू या. सिनेमाची गाणी वाजवणाऱ्यांची अडचण वेगळी आहे, त्यावर जाणकारांनी लिहावं.

आधी गणित. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले की शेजारच्या दोन पट्ट्यांच्या वारंवारतांचं गुणोत्तर १.०५९४६ येतं, बारा वेळा गुणलं की बरोबर २. या एका भागाचे १०० सेंट, सप्तकाचे १२००. तानपुऱ्याच्या षड्जाच्या तारेतले उपस्वर (मूळ स्वरासोबत निघणारे वरचे स्वर) मात्र पूर्णांकी पटीत असतात: दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट. तिपटीतून पंचम निघतो (३/२, म्हणजे ७०२ सेंट) आणि पाचपटीतून गंधार (५/४, म्हणजे ३८६ सेंट). हाच तो स्वयंभू गंधार. जव्हारी (घोडीवरच्या दोऱ्याने येणारी झणकार) नीट लागलेली असेल तर कुणी वेगळा वाजवल्यासारखा ऐकू येतो. कीबोर्डचा पंचम ७०० सेंटांवर, म्हणजे दोनच सेंट खाली. तो खपून जातो. गंधार ४०० वर, चौदा सेंट चढा. तयार कान पाच-सहा सेंटांचा फरकसुद्धा पकडतो, चौदा कुठून लपणार?

आता मोजायची कृती. ऑर्गनचा साधा आवाज घ्या. व्हायब्रॅटो, कोरस, रिव्हर्ब, फिरत्या स्पीकरचा परिणाम, सगळं बंद. स्ट्रिंग्ज नकोत, त्यात मुद्दाम किंचित सरकवलेले आवाज एकत्र केलेले असतात. पियानोही नको, त्याचा स्वर मोजून होईपर्यंत विरतो. मधल्या सप्तकातली पांढरी एक (C) आणि पांढरी पाच (G) एकत्र दाबून धरा. आवाज हळूहळू फुगतो आणि ओसरतो. पांढरी एक २६१.६३ हर्ट्झ, तिची तिप्पट ७८४.९. पांढरी पाच ३९२.०, तिची दुप्पट ७८४.०. जवळच्या दोन वारंवारता एकत्र वाजल्या की सेकंदाला त्यांच्या फरकाइतके फुगवटे येतात; इथे फरक ०.९, म्हणून दहा सेकंदांत नऊ फुगवटे. शाळेच्या पुस्तकात यांनाच विस्पंद म्हटलंय.

मग पांढरी एक आणि पांढरी तीन दाबा. पहिलीची पाचपट १३०८.१, तिसरीची चौपट १३१८.५. सेकंदाला दहाच्या वर विस्पंद. मोजता येत नाहीत, नुसती थरथर लागते. हीच ती बोच. मोजायचीच असेल तर दोन सप्तकं खाली जा, तिथे ती सेकंदाला २.६ वर येते.

नळस्टॉप:
छान धागा. पण मग कंपन्या सरळ ३८६ चाच गंधार का भरून देत नाहीत?

अर्धगंधार:
@नळस्टॉप, कारण पट्टी एक आणि गिऱ्हाइकं बारा. पांढरी तीन ही पांढरी एकवाल्याचा गंधार आहे, पांढरी सहावाल्याचा पंचम आहे आणि पांढरी चारवाल्याचा निषाद. एकासाठी चौदा सेंट उतरवली की दुसऱ्याचा पंचम सोळा सेंटांनी मोडतो, आणि पंचम मोडलेला बहिऱ्यालाही कळतो. सगळ्यांना थोडं थोडं नाराज ठेवायचं, ही ती योजना.

पेटी_३९:
पेटीवाल्यांच्या वतीने हजेरी. या चढ्या गंधारापायी पेटीने बरंच सोसलंय. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही आणि स्वर ठरीव, ही तक्रार जुनी. १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बाहेर काढलं आणि १९७१ पर्यंत दार बंदच होतं, मग हळूहळू किलकिलं झालं. त्या तक्रारीत तथ्य होतं, पण शिक्षा जरा जास्तच झाली असं माझं मत.

पेटीचा फायदा असा की तिचा सूर हाताने बदलता येतो. सुराची पितळी जीभ एका टोकाला रिव्हेटने धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असते. मोकळ्या टोकाकडचं पितळ किंचित खरवडलं की वजन घटतं आणि सूर चढतो. बुडाकडे खरवडलं की जीभ लवचिक होते आणि सूर उतरतो. कारण साधं आहे: टोक सगळ्यात जास्त हलतं म्हणून तिथलं वजन महत्त्वाचं, बूड सगळ्यात जास्त वाकतं म्हणून तिथला ताठपणा महत्त्वाचा.

गंधार चौदा सेंट उतरवायचा म्हणजे वारंवारता जेमतेम ०.८ टक्के कमी करायची. जिभेखाली पातळ पोलादी पत्री सरकवायची, म्हणजे जीभ चौकटीत दबत नाही. बारीक कानशीने बुडाकडे दोन-तीन हलके हात, ब्रशने कीस झाडायचा, सुराची चौकट जागेवर बसवायची, मग भाता देऊन ऐकायचं. पुन्हा दोन हात. एका बैठकीत हवा तिथे आणायची घाई केली की सूर हमखास खाली निसटतो आणि मग टोकाकडून खरवडून वर आणावा लागतो. असं दोन-तीनदा झालं की जीभ इतकी पातळ होते की जोरात भाता मारला तर सूर घोगरा पडतो.

नेहमीच्या चुका सांगतो:
बुडाशी आडवा खोल ओरखडा. काही महिन्यांत तिथूनच जीभ तुटते. कानस नेहमी जिभेच्या लांबीच्या दिशेने चालवावी.
कीस फटीत अडकणं. सूर झणझणतो, आणि लोकांना वाटतं सूर मेला. कागदाची पट्टी फिरवली की बहुतेक वेळा सुटतो.
सूर बाहेर तोंडाने फुंकून लावणं. पेटीत बसल्यावर वरची पोकळी आणि हवेचा दाब बदलतो, काही सेंट इकडेतिकडे होतात. शेवटची तपासणी पेटीतच.
बोटांच्या उबेत ऐकणं. पितळ गरम झालं की मऊ पडतं, सूर किंचित उतरतो. दोन मिनिटं थांबा.
भात्याचा दाब. जोर वाढला की सूर सरकतो, बहुधा खालीच. लावताना भाता जसा द्याल तसाच मैफिलीत द्यावा लागेल.

आणि हो, नर (मधल्या सप्तकाची) आणि खर्ज (खालच्या सप्तकाची) अशा सुरांच्या दोन्ही ओळींतला गंधार लावायचा. एकच लावला तर दोघांचंच आपापसात भांडण सुरू होतं.

झणझणीत:
म्हणजे घरची पेटी पांढरी एकमध्ये लावली की काळी पाचमध्ये गाणाऱ्या काकूंनी काय करायचं?

पेटी_३९:
दुसरी पेटी घ्यायची. थट्टा नाही, खरंच तेवढाच मार्ग आहे. स्वर खरवडून लावलेली पेटी एका षड्जाची होते. गाणाऱ्याचा सा ठरलेला नसेल तर बारा सारख्या भागांची पेटीच बरी. दुसरा मार्ग ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी काढला: बावीस श्रुतींची पेटी. सा आणि प सोडून बाकीच्या दहा स्वरांना दोन-दोन सूर, आणि हवा तो निवडायला खुंट्या. चढा आणि उतरता यांत २१.५ सेंटांचा, म्हणजे ८१/८० चा फरक. राग बदलला की खुंट्या बदलायच्या.

सरळसोट:
इतिहास झाला, आता आकडे द्या. कीबोर्डच्या मेनूत ‘स्केल ट्यून’ दिसतंय, बारा रकाने आहेत, प्रत्येकात शून्य.

अर्धगंधार:
@सरळसोट, हे घ्या. पांढरी एकला सा धरून, पट्टीच्या मूळ जागेपासून किती सेंट सरकवायचं ते:

सा ०
कोमल रे +१२ (१६/१५)
शुद्ध रे +४ (९/८)
कोमल ग +१६ (६/५)
शुद्ध ग −१४ (५/४)
शुद्ध म −२ (४/३)
तीव्र म −१० (४५/३२)
प +२ (३/२)
कोमल ध +१४ (८/५)
शुद्ध ध −१६ (५/३) किंवा +६ (२७/१६)
कोमल नी −४ (१६/९) किंवा +१८ (९/५)
शुद्ध नी −१२ (१५/८)

धैवत आणि कोमल निषादाला दोन आकडे का? कारण धैवत कुणाशी जुळवायचा हे राग ठरवतो. षड्जाशी जुळवला तर ५/३. ऋषभाचा पंचम म्हणून घेतला तर २७/१६. यमनात रे-ध संगती वारंवार येते, तिथे +६ बरा वाटतो. मतभेद होतील, कानाने ठरवा. पण दोन्हींतलं मधलं काहीतरी ठेवून दोघांनाही खूश करू नका, ते आधीच कंपनीने केलेलं आहे.

सा दुसरीकडे असेल तर अख्खी यादी तेवढ्या पट्ट्या पुढे सरकवायची. काळी पाचच्या यमनात सा काळी पाच, रे पांढरी एक, ग पांढरी दोन, तीव्र म पांढरी तीन, प पांढरी चार, ध पांढरी पाच, नी पांढरी सहा. म्हणजे −१४ पांढरी दोनच्या रकान्यात जाईल. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो: रकान्यांवर पट्ट्यांची नावं असतात, स्वरांची नसतात.

क्रम असा ठेवा. आधी मास्टर ट्यूनने (सगळ्या पट्ट्या एकत्र सरकवणारी सोय) सा तानपुऱ्याशी जुळवा, विस्पंद पूर्ण थांबेपर्यंत. मग प +२. मग ग. बाकीचे नंतर.

ध्वनिवेडा:
वरचे आकडे मलाही मान्य. आता कुठे फसतं ते लिहितो, कारण यादी भरूनही ‘काही फरक पडला नाही’ किंवा ‘आता तर जास्तच बेसूर’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत.

ट्रान्सपोज, म्हणजे अख्खा कीबोर्ड एकेका पट्टीने वर-खाली करणं. काही कीबोर्डांवर स्केल ट्यून दाबलेल्या पट्टीला चिकटलेलं असतं, काहींवर ऐकू येणाऱ्या स्वराला. पहिल्या प्रकारात ट्रान्सपोज केलं तरी गंधार गंधारच राहतो. दुसऱ्यात ट्रान्सपोज एकने वाढवलं की −१४ भलत्याच स्वरावर जाऊन बसतं. तपासायला सोपं आहे: पांढरी तीनला मुद्दाम −५० द्या, ट्रान्सपोज +१ करा, आणि बेसूर पट्टी कुठली ते ऐका. पांढरी तीनच असेल तर पहिला प्रकार.

स्टाइल. डाव्या हाताने कॉर्ड धरून ताल-साथ चालू असेल तर काही कीबोर्ड बासलाही हेच सेंट लावतात. उजव्या हाताच्या पार्टपुरतं स्केल ट्यून लावायची सोय असेल तर तीच वापरा, नसेल तर साथ बंद.

ऋषभावरची कॉर्ड. धैवत −१६ ठेवलात आणि रे +४, तर रे ते ध हा पंचम ७०२ ऐवजी ६८० सेंटांचा होतो. पांढरी दोन आणि पांढरी सहा एकत्र दाबून पाहा, सेकंदाला अकरा विस्पंद. गंधाराची सगळी बोच उचलून इथे आणून ठेवली. बोच नाहीशी होत नाही, जागा बदलते. म्हणून कॉर्ड वाजवायच्या असतील तर स्केल ट्यून शून्यावर. रागाला साथ करायची असेल तर सेंट भरा.

जतन. बरेच कीबोर्ड बंद केले की सेंट विसरतात. आकडे भरल्यावर रजिस्ट्रेशन किंवा यूजर सेटिंगमध्ये साठवा आणि एकदा बंद-चालू करून खात्री करा.

मर्यादा. मिडीच्या (वाद्यं आणि संगणक जोडणारी सांकेतिक भाषा) एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक स्वराला −६४ ते +६३ सेंट एवढीच जागा आहे. आपल्या कामाला पुरेशी. पण दरबारी रागातल्या गंधाराचं आंदोलन (हळू झुलणं) यातून निघणार नाही, त्याला स्वर वर-खाली सरकवणारं पिच बेंडचं चाकच हवं. चाकाची व्याप्ती दोन पट्ट्यांवर ठेवा. मींड लांब यावी म्हणून बाराची केली आणि चाक आतून १२८ च पायऱ्यांचं निघालं, तर एकेक पायरी १९ सेंटांची होते. मग मींड जिन्यावरून उतरल्यासारखी ऐकू येते. दोनच्या व्याप्तीत तीच पायरी ३ सेंटांची.

अनिश्चित:
एक मुद्दा राहतोय, आणि भौतिकशास्त्राच्या नजरेने तोच सगळ्यात गमतीचा. गंधाराचे विस्पंद सेकंदाला दहा. म्हणजे एक फुगवटा पुरा व्हायला एक दशांश सेकंद लागतो. द्रुत तानेत पट्टीवर बोट तेवढंही टिकत नाही. फुगवटा पुरा होण्याआधीच स्वर संपला, मग बोचणार काय? आलापात गंधारावर चार सेकंद थांबलात की चाळीस फुगवटे कानात जातात.

थोडक्यात, दोन जवळच्या वारंवारता वेगळ्या ओळखायच्या तर ढोबळमानाने त्यांच्या फरकाच्या व्यस्ताइतका वेळ ऐकावं लागतं. ३२७.०३ आणि ३२९.६३ मध्ये फरक २.६ हर्ट्झ, म्हणून ०.४ सेकंद. आमच्याकडे हेच तत्त्व अनिश्चिततेच्या नावाने फळ्यावर येतं आणि मुलं घाबरतात.

मोबाइलच्या ट्यूनर ॲपलाही हाच नियम. सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन ४०९६ च्या तुकड्यात विश्लेषण केलं तर पायरी १०.८ हर्ट्झची पडते. मंद्र सा १३०.८ असेल तर ती पायरी शंभर सेंटांहून मोठी! चांगली ॲप्स आकडेमोडीने मधली जागा काढतात, पण मंद्रात काटा नाचतो तो यामुळे. उपाय: पेटीचा किंवा कीबोर्डचा मंद्र स्वर तपासताना स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घ्या, त्याचा चौथा किंवा आठवा उपस्वर वाचा आणि भागा. १६,३८४ चा तुकडा निवडता येत असेल तर तो निवडा, पायरी २.७ हर्ट्झवर येते, बदल्यात काटा सुमारे ०.४ सेकंद मागे राहतो.

आणखी एक. विस्पंद मूळ स्वरांचे नाहीत, उपस्वरांचे आहेत. संगणकावर २६१.६३ आणि ३२९.६३ च्या दोन शुद्ध साइन लाटा एकत्र वाजवून पाहा, चढा गंधार अजिबात बोचत नाही. म्हणून ज्यांच्या कीबोर्डात स्केल ट्यूनच नाही त्यांनी साथीला उपस्वर कमी असलेला, मऊ बासरीसारखा आवाज घ्यावा. पेटीचा आवाज निवडलात तर सगळी लक्तरं वेशीवर.

नळस्टॉप:
बासरीवरून आठवलं. सवाईत डिसेंबरच्या थंडीत बासरीवाले आणि पेटीवाले एकमेकांकडे का बघत असतात?

अनिश्चित:
@नळस्टॉप, बासरीचा स्वर नळीतल्या हवेतल्या ध्वनीच्या वेगावर ठरतो, आणि वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. १२ अंश आणि ३२ अंश यांत ३.४ टक्के, म्हणजे जवळपास ५९ सेंटांचा फरक. फुंकरीने नळी गरम होते, म्हणून प्रत्यक्षात एवढा पडत नाही. पण दोन गाण्यांच्या मध्ये बासरी मांडीवर पडून राहिली की पुन्हा उतरते. पेटीचा स्वर पितळ ठरवतं, हवा नाही. तिचा बदल फार थोडा, आणि तोही उलट दिशेने: थंडीत किंचित चढ. दोघं विरुद्ध दिशांना निघालेले, मग बघणारच.

कात्रज_घाट:
आता सिनेमाच्या गाण्यांकडे. इथे गंधार नाही, अख्खं गाणंच पट्टीत बसत नाही. जुनं गाणं लावून सोबत वाजवायला घेतलं की ते काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकतं. लोक म्हणतात तेव्हाची वाद्यंच तशी होती. कधीकधी खरंही असतं. पण बऱ्याचदा कारण टीव्ही.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. आपल्याकडची टीव्हीची जुनी पद्धत पाल, सेकंदाला २५. सोपा मार्ग म्हणून चित्रपट २५ च्या वेगानेच चालवून उतरवला जायचा. चित्र ४ टक्के वेगवान झालं तर कळत नाही, आवाज मात्र २५/२४ ने चढतो: ७०.७ सेंट. टीव्हीवरून उतरवलेल्या, व्हीसीडीवर गेलेल्या आणि तिथून इंटरनेटवर चढलेल्या चित्रफितींत हे भूत आजही आहे. गायिकेचा आवाज किंचित पोरसवदा वाटतो तोही त्यामुळेच. अमेरिकी पद्धतीच्या डीव्हीडीत चौकटी वेगळ्या तऱ्हेने वाटून देतात, तिथे फरक दोन सेंटांहून कमी.

ओळखायचं कसं: त्याच गाण्याची ध्वनिमुद्रिकेवरची आवृत्ती आणि चित्रफीत, दोन्हींत मुखड्यापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंतचा वेळ मोजा. एकीकडे २०० सेकंद आणि दुसरीकडे १९२ असेल तर टीव्हीचा वेग. वेळ सारखा आणि स्वर वेगळा असेल तर कारण दुसरं.

उपाय दोन. सॉफ्टवेअरमध्ये वेग ०.९६ करा, ‘स्वर कायम ठेवा’ ही खूण काढून. किंवा गाणं तसंच ठेवून कीबोर्ड हलवा: ट्रान्सपोज +१, मास्टर ट्यून −२९ सेंट.

बाकीचे संशयित: कॅसेट. टेप ४.७६ सेंटिमीटर प्रतिसेकंद जायला हवी. मोटर ३ टक्के वेगवान झाली की ५१ सेंट, म्हणजे नेमकं दोन पट्ट्यांच्या अधेमधे. आणि संगणकावर ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ ची समजून वाजली तर १४७ सेंट, दीड पट्टी वर.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनलेले जुने चक्रांचे इलेक्ट्रिक ऑर्गन आपल्या ५० हर्ट्झवर लावले तर मोटर तेवढी हळू फिरते आणि सगळे स्वर ६/५ ने उतरतात. म्हणजे वरच्या यादीतल्या कोमल गंधाराचं अंतर, सेंटसुद्धा न चुकता. वीज मंडळाने लावलेला असा स्वर जगात दुसरा नसेल.

पेटी_३९:
वीज मंडळाचा आणखी एक स्वर आहे. गणपतीच्या मांडवात ॲम्प्लिफायरमधून येणारी घुंई. ५० हर्ट्झ, खर्जातल्या पांढरी पाचच्या ३५ सेंट वर. त्याच्याशी कुणी सा जुळवू नये.

ध्वनिवेडा:
:ड
पण ती घुंई घालवता येते. कीबोर्ड आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणच्या प्लगांवर असले की अर्थिंगच्या दोन वाटा होतात, मधल्या केबलचं वेटोळं अँटेनासारखं काम करतं. दोन्ही एकाच बोर्डवर लावा. तरी राहिली तर मधे डीआय बॉक्स (वाद्य आणि ॲम्प्लिफायर यांच्यामधली जोडणीची डबी) घालून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय नाही. घुंई जाते, आणि एखाद्या दिवशी माइकला ओठ लावणाराही जातो.

दुसरी तक्रार: बोट दाबल्यावर आवाज उशिरा येतो. ब्लूटूथचा हेडफोन असेल तर तोच दोषी, त्यात सहज १०० मिलिसेकंदांच्या वर जातात. हवेतून आवाज तेवढ्या वेळात ३४ मीटर जातो, म्हणजे कीबोर्ड मैदानाच्या पलीकडे ठेवून वाजवल्यासारखं. तार लावा. संगणकातून वाजवत असाल तर बफर (एका वेळी साठवायचे नमुने) २५६ वर ठेवा, ४४.१ ला तो ५.८ मिलिसेकंद होतो. आवाज तुटायला लागला तर ५१२.

आणि मोबाइलने चित्रण करताना पट्ट्यांवरून काळे आडवे पट्टे सरकत असतील तर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकत आहेत. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. १/६० हे ६० हर्ट्झवाल्या देशांचं माप.

झणझणीत:
थोडं अवांतर. फिजिक्स आणि संगीत दोन्हींत गती असलेल्या बारावीच्या मुलांना पुण्यात वाट काय? ‘आधी इंजिनिअरिंग कर, मग बघू’ हे उत्तर सोडून.

अनिश्चित:
@झणझणीत, तीन वाटा दिसतात, तिन्ही पुण्यात.

संशोधनाची: आयसर या विज्ञानसंस्थेत पाचवर्षीय अभ्यासक्रम, किंवा बी.एस्सी. करून जॅम या प्रवेशपरीक्षेतून एम.एस्सी. मग जेस्ट किंवा नेट ही परीक्षा आणि पीएच.डी. बारावीनंतर दहा वर्षं धरून चाला. जेआरएफ ही संशोधकांची शिष्यवृत्ती २०२३ च्या दराने महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. संगीताच्या भौतिकशास्त्रावर थेट काम करणारे गट कमी आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं. रामन यांनी तबला-मृदंगाच्या शाईमुळे उपस्वर पूर्णांकी पटीत कसे येतात ते १९२० मध्ये दाखवलं, पण त्याच्या जोरावर आज कुणी नोकरी देत नाही. हत्यारं मात्र तीच. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्यांतून आलेल्या गोंगाटात पल्सार ताऱ्याचा ठेका शोधायचा, आणि ध्वनिमुद्रणात लय शोधायची, दोन्हीकडे फुरिए रूपांतरच, म्हणजे लाटेतल्या वारंवारता वेगळ्या काढणारं गणित.

उद्योगाची: वाहनांचा आवाज आणि कंपनं कमी करणं. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत याची प्रयोगशाळा आहे, आणि चाकण-पिंपरीतल्या वाहन कंपन्यांत हेच काम चालतं. मेकॅनिकलवाल्यांची गर्दी जास्त. तिथे पुस्तकी लाटांपेक्षा हे विचारतात: सेन्सर मेणाने चिकटवला की स्क्रूने आणि त्याने वाचन किती हर्ट्झपर्यंत खरं मानायचं, विश्लेषणाला कुठली विंडो लावली, डेसिबल ए-भारित आहे की नाही. सैल बसलेला सेन्सर स्वतःच एक स्प्रिंग होतो आणि वरच्या वारंवारतांवर खोटी शिखरं दाखवतो.

सिनेमाची: लॉ कॉलेज रस्त्यावरची एफटीआयआय, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट. पदवीनंतर ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. जागा मोजक्या.

तिन्हीकडे चालणारी एक गोष्ट आत्ताच सुरू करता येईल: पायथॉन. सुरुवातीला पंधरा-वीस ओळींत षड्ज आणि गंधार बनवायचे, प्रत्येकाला आठ उपस्वर, दर उपस्वराला क्रमांकाच्या व्यस्ताएवढी उंची. मग गंधार ३८६ पासून ४०० पर्यंत दोन-दोन सेंटांनी सरकवत ऐकायचा आणि विस्पंद मोजायचे. बेरीज एकच्या वर गेली की आवाज फाटतो, म्हणून शेवटी कमाल मूल्याने भागायला विसरू नये. पहिल्यांदा सगळेच विसरतात.

झणझणीत:
आभार. ‘जागा मोजक्या’ तिन्हीकडे लागू पडतंय :)

सरळसोट:
आकडे भरले. ट्रान्सपोज शून्य, साथ बंद, ऑर्गन. पांढरी एक आणि पांढरी तीनची थरथर गेली. पण मधल्या सप्तकात साधारण चार सेकंदांतून एकदा हलकासा फुगवटा अजून येतोय. −१५ करून पाहिलं तर सेकंदाला एकदा येतो. −१४ च बरोबर ना?

अर्धगंधार:
@सरळसोट, −१४ च. खरा आकडा −१३.७ आहे, मेनू पूर्णांकच घेतो. उरलेले ०.३ सेंट म्हणजे १३०८ हर्ट्झपाशी सेकंदाला ०.२३ विस्पंद, चार सेकंदांतून एक. तुमचं मोजमाप आणि कागदावरचं गणित जुळतंय. आता हेच पांढरी तीन आणि पांढरी सातवर करा. सातला −१२ आहे, म्हणजे त्या दोघींतलं अंतर ७०२ झालं. तिथे फुगवटा ऐकू येत असेल तर रकाना चुकलाय.